नाल्याच्या वरच्या अंगाला

कोणाच्याही उंबऱ्यात पाय ठेवण्याआधी भाऊ थांबायचे. दोन्ही तळवे नाकाशी न्यायचे, लांब श्वास घ्यायचे आणि तेवढ्यानं खात्री पटत नसे म्हणून घरातल्या माणसालाच विचारायचे, "वास येऊन राह्यला का?"

नाही म्हटलं की आत येत. तरी खुर्चीच्या कडेवरच बसत, पाठ टेकत नसत. बालाघाटला आमच्या गल्लीत त्यांना लहानमोठे सगळे भाऊच म्हणायचे, आणि मीही इथे भाऊच म्हणणार आहे. नाव सांगावं अशी ही गोष्ट नाही.

भाऊ शौचालयाच्या टाक्या उपसणाऱ्या टँकरवर ड्रायव्हर होते. असा टँकर तुम्हीही पाहिला असेल. मागे जाड पाइपाचं वेटोळं, बाजूला मोठ्या अक्षरांत मालकाचा मोबाइल नंबर. तो गल्लीत शिरला की आपण खिडक्या लावून घेतो. तासाभरात टाकी रिकामी होते, टँकर निघून जातो, आणि आपल्या डोक्यातूनही जातो. भरलेला टँकर पुढे कुठे रिकामा होतो हे मी कधी विचारलं नाही. मी पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत सहायक आहे. खरं तर मीच विचारायला हवं होतं.

टँकरवर येण्याआधी ते उकव्याच्या खाणीवर मँगनीजचा ट्रक चालवायचे. पण इतका भित्रा ड्रायव्हर मी दुसरा पाहिला नाही. रेल्वेचं फाटक उघडं असलं तरी गाडी थांबवून खाली उतरायचे आणि रुळांवर दोन्हीकडे पाहून यायचे. मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण. "वाजवू द्या," म्हणायचे, "गाडी आली तं हॉर्न थोडीच वाचवन." वीज कडाडली की आपल्या घरचा मेन स्विच बंद करून आमच्या दाराशी यायचे आणि आमच्या टीव्हीची पिन काढली की नाही ते पाहून जायचे. कुत्र्याला भ्यायचे, सुईला भ्यायचे, वर्दी दिसली की वीस पावलांवरून नमस्कार घालायचे.

बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी शीतल पाच वर्षांची होती. त्यांच्या सगळ्या भीतीचं टोक त्या पोरीपाशी येऊन थांबायचं. ती बसनं कॉलेजला जाऊ लागली, तर पहिला महिनाभर हे स्कूटर घेऊन बसच्या मागं. तिनं एकदा मागच्या काचेतून पाहिलं आणि घरी येऊन दोन दिवस बोलली नाही. मग हे स्कूटर जरा लांब ठेवू लागले, एवढंच.

शीतलचं लग्न रामपायलीच्या बाजूच्या एका धानाच्या गावात झालं. त्या गावाच्या मागून एक नाला वाहतो. टेकडीतल्या चुन्याच्या दगडातून झिरे फुटतात, त्यांचं पाणी. भर उन्हाळ्यातही तो आटत नाही. मी तिथं पूर्वी नमुने घ्यायला गेले होते. ते पाणी बाटलीत भरून उजेडात धरलं की बाटली रिकामीच वाटायची. तळाचे गोटे पांढरेशुभ्र. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो, पण त्या लोकांना दुसरं पाणी गोड लागत नाही. नाल्याच्या काठाला विहीर आहे. तिच्यातून पाणी टाकीत चढतं आणि टाकीतून घरोघरच्या नळाला जातं.

शीतलला सातवा महिना लागला तेव्हा भाऊ ओटीचं सामान घेऊन तिकडे गेले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेव्हा ते आले. त्यांनी तळवे हुंगले नाहीत. वासाचं विचारलं नाही. सरळ आत येऊन खालीच बसले आणि पिशवीतून थंड पेयाची एक जुनी बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. आत पाणी होतं, किंचित हिरवट.

"हे पानी पेता येते का, ताई?"

कुठचं म्हणून विचारलं, तर म्हणाले, शीतलच्या घरामागचं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ओटी झाल्यावर शीतलनं त्यांना मागं नेऊन नाला दाखवला होता. होळीपासून पाण्याला वास येतो, गोट्यांवर शेवाळाचा जाड चिकट थर बसला आहे, म्हशीसुद्धा पाण्यात उतरत नाहीत, असं ती सांगत होती. भाऊ ऐकत होते आणि त्यांचं लक्ष काठच्या अर्जुनाच्या झाडाच्या मुळाकडे गेलं. मुळाला एक फडकं अडकलं होतं. पिवळं, त्यावर लाल फुलं.

टँकरच्या पाइपाचं झाकण कधीचंच हरवलं होतं. मालक नवं आणून देत नव्हता, म्हणून भाऊ पाइपाच्या तोंडात घरच्या फाटक्या चादरीचा बोळा कोंबून वरून तार बांधायचे. महिन्याभरापूर्वी टँकर रिकामा करताना तो बोळा धारेबरोबर वाहून गेला होता.

"ते फडकं माह्या घरचं होतं, ताई," ते म्हणाले. "शीतल लहानपनी त्याच चादरीवर झोपे."

टँकर रिकामा करायची सरकारी जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथवर जायचं डिझेल मालकाला जड वाटे. म्हणून त्यानं भाऊंना हायवेवरून आत जाणारी एक कच्ची वाट दाखवली होती. टेकडीच्या पलीकडे एक घळ, तिथं पाइप सोडायचा. दुपारच्या उन्हात, माणसं घरात असताना. दुसरे टँकरही यायचे. शीतलच्या गावाला भाऊ नेहमी दुसऱ्या रस्त्यानं जायचे, त्यामुळे ती घळ टेकडीला वळसा घालून पोरीच्या अंगणामागं उतरते, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मले वाटे जंगलात जाते," ते म्हणाले. "जंगलातून कुठं जाते, हे नाही पाह्यलं."

सोमवारी ती बाटली पर्समध्ये घालून मी प्रयोगशाळेत नेली. असं करायला परवानगी नसते. साहेब रजेवर होते, म्हणून जमलं. एका नळीत पाणी घेऊन औषध टाकलं, तर ते बघता बघता डाळिंबाच्या दाण्यासारखं झालं. मैला आणि खत पाण्यात विरघळलं असलं की असा रंग चढतो, आणि नाल्यात शेवाळ माजतं तेही त्याच्याचवर. दुसरी छोटी बाटली उबेला ठेवायची असते. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर एक-दोन दिवसांत ती काळी पडते. मंगळवारी सकाळी मी कपाट उघडलं तेव्हा ती डांबरासारखी काळी झालेली होती.

जेवणाच्या सुट्टीत भाऊ फाटकाशी उभे होते. मी सांगितलं. यानं काय होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हगवण, टायफॉइड, कावीळ. आणि तिथं मी अडखळले. घाण पाण्यातून येणारी एक कावीळ असते. इतरांना ती दोन-तीन आठवडे आजारी पाडते आणि सोडून देते. गरोदर बाईला नेहमीच सोडते असं नाही.

त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. "पोटुशी बाईले?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

त्याच दुपारी जीप करून ते शीतलला घेऊन आले. पहिलं बाळंतपण माहेरी, असं तिच्या सासरी सांगितलं. ते रीतीला धरूनच होतं, कोणाला काही वाटलं नाही. तिचं रक्त तपासलं. काही निघालं नाही. भाऊंनी देवासमोर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा मला आणून दिला. मी तो खाल्ला.

आता पुढचं सांगायचं तर मला माझंही सांगावं लागेल.

त्यानंतर नऊ दिवस आम्ही दोघंही गप्प राहिलो. शीतल सुखरूप घरी होती, आणि ते गाव तेच पाणी पीत होतं. भाऊंना पोलिसांची भीती, नोकरीची भीती, पोरीला सासरचे परत नेणार नाहीत याची भीती. कोनाले सांगू नका, असं ते मला दोनदा हात जोडून म्हणाले. मला माझी भीती. मी विनापरवाना नमुना तपासला होता. साहेब येऊ देत, मग रीतसर अर्ज करू, रीतसर नमुना आणू, असं मी रोज मनाशी म्हणत होते. गावच्या सरपंचांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. एक फोन करून, पाणी उकळून प्या, एवढं सांगता आलं असतं. मी केला नाही. संध्याकाळी भाऊ दिसत, आम्ही एकमेकांकडे न पाहता बोलायचो. त्यांनी घरचं पाणी अर्धं होईस्तोवर उकळायला सुरुवात केली होती. मालकाला त्यांनी सांगितलं की ती वाट खचली आहे. मालकानं दुसरी जागा दाखवली. नऊ दिवस टँकर तिकडे रिकामा होत होता. त्या जागेच्या खाली कोण राहतं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी शीतलच्या सासूचा फोन आला. शेजारची सून ममता, आठवा महिना, डोळे हळदीसारखे पिवळे, शुद्ध हरपत होती म्हणून गोंदियाला नेली. शीतल हमसून हमसून रडत होती. कपडे धुवायला त्या दोघी बरोबरच नाल्यावर जायच्या.

ममता वाचली. बाळ वाचलं नाही.

ते कळलं त्या संध्याकाळी भाऊ येऊन आमच्या पायरीवर बसले. त्यांना धीर द्यावा म्हणून मी जे खरं होतं तेच सांगितलं. हा आजार अंगात शिरल्यावर कित्येक आठवड्यांनी वर येतो. म्हणजे तुम्ही ते फडकं पाहायच्या आधीच ते पाणी तिच्या पोटात गेलं होतं. पहिल्या दिवशी बोललो असतो तरी तिच्यापुरता फरक पडला नसता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोनत्या दिवशीचं पानी लागलं, हे सांगते का तुमची बाटली?"

"नाही."

"कोनाच्या टँकरचं, हे?"

"तेही नाही, भाऊ. दुसरेही टँकर येतात तिथं."

"मंग मलेच सांगा लागन."

मी त्यांना अडवायचा प्रयत्न केला. लोक मारतील म्हटलं. ते म्हणाले, "मले भेव लागून राह्यलं, ताई. लय भेव. तुम्ही संग चाला."

गावच्या शाळेच्या वऱ्हांड्यात सभा भरली. आधी मी बोलले. साहेब रजेवरून आले होते, रीतसर नमुना तपासला होता आणि या वेळी त्यांच्या सहीचा कागद हातात होता. नळाचं पाणी पिऊ नका, उकळल्याशिवाय तोंडाला लावू नका, विहीर बंद करावी लागेल. लोक कुजबुजू लागले. कोणी म्हणालं धानातला युरिया वाहून येत असेल, कोणी वरच्या गावावर ढकललं. तेवढ्यात भाऊ उठले. त्यांनी खांबाला धरलं.

हायवेच्या वाटेनं येऊन वर टँकर रिकामा करणारा मी, असं त्यांनी सांगितलं. मालकाचं नाव कोणी विचारलं, तर पाइप मीच सोडत होतो म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते सांगायची गरज नव्हती, आणि ते बोलतील असं मलाही वाटलं नव्हतं.

"मले मालूम पडलं तं मी माह्या पोरीले घेऊन गेलो," ते म्हणाले. "तुमाले नाही सांगतलं."

मी तिथंच उभी होते. मलाही तेच सांगायचं होतं. माझं तोंड उघडलं नाही.

एक जण काठी घेऊन उठला, सरपंचांनी त्याला दंडाला धरून बसवलं. शीतलचा नवरा खाली मान घालून बसला होता. मग ममताचा सासरा उठला. म्हातारा, खांद्यावर दुपट्टा. तो सावकाश चालत भाऊंपर्यंत आला आणि मी डोळे मिटून घेतले. त्यानं हात उचलला नाही. हळू आवाजात विचारलं, "तुले कवा मालूम झालं?"

"ओटीच्या दिवशी."

"ममता त्या दिवशी तुह्या पाया पडली होती."

"हौ," भाऊ म्हणाले.

म्हातारा वळला आणि घराकडे निघून गेला. भाऊंच्या हातून खांब सुटला, ते खालीच बसले.

त्या आठवड्यात गावकऱ्यांनी कच्च्या वाटेवर आडवी नाली खणायला घेतली, टँकर आत जाऊ नये म्हणून. भाऊ आपलं फावडं घेऊन गेले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही. त्यांच्याशी कोणी एक शब्द बोलत नव्हतं. मी विहिरीचे नमुने घेऊन तिकडून येत होते. दुपारी एक बाई सगळ्यांना पाणी देत फिरली, भाऊंनाही दिलं. गिलास तोंडाशी नेला आणि त्यांचा हात थांबला. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हे कुठचं पानी हाय?"

फावडी थांबली. सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. बाई म्हणाली, "शाळेच्या बोरचं." भाऊंनी ते सगळं पाणी पिऊन टाकलं आणि परत खणायला लागले.

विहीर बंद झाली, बोरचं पाणी टाकीत चढवलं. टँकरवाल्यांबद्दलचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि अजूनही कुठल्यातरी टेबलावर असेल. मालकानं भाऊंना काढून टाकलं. वर्दीला वीस पावलांवरून नमस्कार घालणारा हा माणूस ठाण्यात अर्धा दिवस बसला, आणि जे सभेत सांगितलं तेच तिथंही सांगून आला. शीतलला मुलगी झाली. बारशाला सासरचं कोणी आलं नाही. तीन महिन्यांनी नवरा आला आणि काही न बोलता दोघींना घेऊन गेला.

भाऊंनी त्या गावात परत पाय ठेवला नाही. पण पावसाळ्यात ती नाली गाळानं भरून गेली, आणि हे त्यांना कळलं. तेव्हापासून ते रोज दुपारी डबा घेऊन हायवेवर जायचे. जिथून ती वाट आत वळते तिथल्या पुलाच्या कठड्यावर बसायचे. कुत्र्यांसाठी जवळ काठी. एखादा टँकर यायचा, वळायला हळू व्हायचा, त्यांना पाहायचा आणि पुढे जायचा. कधी शिव्या देऊन जायचा. एकदा एकानं गाडी मुद्दाम इतकी जवळून नेली की त्यांची चप्पल चाकाखाली गेली. ते एका चपलेनं घरी आले.

मी एकदा बसमधून उतरून त्यांच्यापाशी गेले. काहून बसता असे, म्हटलं, एखाद्या दिवशी काही होऊन बसेल.

"भेव तं लागते," ते म्हणाले. "घरी बसलो तं जास्त लागते."

मग म्हणाले की बस येईल, तुम्ही निघा, इथं थांबू नका.

गेल्या थंडीत त्यांच्या छातीत कळा यायला लागल्या. शीतल येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. सुईला भिणाऱ्या त्या माणसाच्या हाताला किती सुया लावल्या होत्या, ते ती मला फोनवर सांगत होती. ते परत आले नाहीत. आमच्या गल्लीतल्या त्यांच्या घराला कुलूप आहे. वीज कडाडली की आमच्या टीव्हीची पिन आता मीच काढते.

या उन्हाळ्यात मी नमुने घ्यायला त्या नाल्यावर गेले. मधल्या पट्ट्यात शेवाळ अजून आहे. पण अगदी वर, झिऱ्याच्या तोंडापाशी काही गोटे पुन्हा पांढरे दिसायला लागले आहेत. वाकून त्यांच्यावर हात फिरवला, तर ते खरखरीत लागले. बाटल्या भरून, थंड पेटीत घालून मी चालत हायवेपर्यंत आले आणि पुलाजवळ बसची वाट पाहत उभी राहिले. दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्यावर माणूस नव्हता.

बालाघाटकडून एक टँकर आला. नवा होता, निळा. पुलाजवळ हळू झाला आणि त्याचा दिवा कच्च्या वाटेच्या बाजूनं लुकलुकायला लागला. ड्रायव्हर तरुण होता. त्यानं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी नमुन्यांच्या सरकारी कागदावर सही करणारी बाई, पण तो कागद त्या वेळी पेटीत होता. गाडीचा नंबर वाचावा हेसुद्धा सुचलं नाही. तो खाली उतरला असता तर मी काय केलं असतं, मला आजही माहीत नाही.

मी पेटी खाली ठेवली आणि कठड्यावर बसले.

तो थोडा वेळ इंजिन चालू ठेवून थांबला. मग दिवा बंद झाला आणि टँकर सरळ पुढे गेला. भरलेलाच होता. पुढच्या वळणावर दिसेनासा झाला. त्यानं तो कुठं रिकामा केला असेल, आणि तिथं खालच्या अंगाला कोण राहत असेल, हे मला कळलेलं नाही.